पोचपावती

तिघं आले. हातगाडीवर बर्फाची लादी,
लादीच्या पोटात एक पुस्तक.
मी खासदारांच्या कचेरीतली दारावरची बाई.
येईल त्या वस्तूची नोंद करते :
तारीख, वेळ, वर्णन, सही.
वर्णनात काय लिहू, मी विचारलं.
ओदेत नावाची मुलगी, नाक लालभडक, हातमोजे चिंब,
म्हणाली, "लिहा : विकत घेतलेलं पुस्तक."

बाहेर ओटावात उणे एकवीस.
बुटांना पाती बांधून माणसं गोठल्या कालव्यावरून
कामाला चालली होती.
प्रत्येक खासदारामागे एक लादी,
मासेवाल्याच्या शीतघरात चार रात्री गोठवलेली,
त्यामुळे लिफ्टभर कॉडचा वास.
"मुखपृष्ठ दिसतंय ना? किंमतसुद्धा दिसतेय.
पैसे मोजलेत. आता वाचा," ओदेत म्हणाली.
"तुमच्या विधेयकात हेच आहे.
पुस्तक आपलं, कुलूप त्यांचं,
आणि कुलपाला हात लावला तर चोर आपण."
तिच्यामागचा दाढीवाला पोरगा पत्रकं वाटायला विसरला होता.
तो नुसता हातांवर फुंकर मारत होता.

साहेब बाहेर आले. लॉर्न पेट्रिशिन,
प्रेअरीतला गडी, थंडीला भीक न घालणारा.
लादीवर टिचकी मारून हसले.
कॅमेरे पाहून हातोडी मागवली, उगारली,
आणि फोटो निघेपर्यंत तशीच धरून ठेवली.
मारली नाही.
"मारलीत," सल्लागार कानाशी लागला,
"तर कलमाच्या विरोधात दिसाल."

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो.
मथळ्यात बर्फ, खालच्या ओळीत कडाक्याची थंडी.
कलमाचं नाव नाही.

लादी मात्र आदल्या दिवसापासून माझ्याच गळ्यात.
फरशी पुसायच्या बादलीत उभी केलेली, रेडिएटरच्या कडेला.
मी फोन घेत होते.
टप्. साहेब बैठकीत आहेत. टप्.
निरोप देते. टप्.

माझी बहीण ग्वेनिथ सडबरीला असते.
साखरेनं डोळे नेले, त्याला सहा वर्षं झाली.
गेल्या नाताळात तिनं एक रहस्यकथा घेतली, पडद्यावरची,
पूर्ण किंमत देऊन,
आणि फोनला म्हणाली, वाच.
फोन म्हणाला, हे पुस्तक ऐकवायला
प्रकाशकाची परवानगी नाही.
हे तिनं मला हसत हसत सांगितलं.
मी म्हणाले, तक्रार कर.
"कुणाकडे? तुझ्या साहेबाकडे?"
तेव्हा मी विषय बदलला होता.

चारच्या सुमारास एक कोपरा सुटला.
साडेपाचला पुस्तक कलंडलं,
दुधातल्या पावासारखं फुगलेलं.
मधमाशा पाळण्याविषयीचं होतं.
चांगलं पुस्तक असं बुडवायचं,
मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही.
एकेक पान सुटं करून रेडिएटरवर घातलं.
कचेरीला ओल्या कागदाचा वास लागला, माशाचा थोडा कमी झाला.

मग सडबरीला फोन लावला.
"ऐक," म्हणाले, "पान चाळीस.
राणीमाशी म्हातारी झाली की
पोळ्याला ते तिच्याआधी कळतं."
"हे काय आता?"
"बर्फातून निघालंय."
"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"
"पुढे वाचू का?"
ती गप्प. मग खुर्ची ओढल्याचा आवाज.
सातपर्यंत वाचलं. एकोणपन्नास आणि पन्नास चिकटली होती,
तिथे मी मनानंच काहीतरी घातलं,
तिनं ते ओळखलं.

गुरुवारी मतदान झालं. साहेबांचं मत कुलपाला.
परत आले तेव्हा रेडिएटरकडे बघून म्हणाले,
हे वाळत काय घातलंय?
मधमाशा, म्हणाले मी.
त्यांना दुसरा फोन आला.

ओदेतला पोचपावती पाठवायची राहिली होती.
वर्णनाचा रकाना अजून कोरा.
लिहिलं :
पाणी, दीड बादली.
पुस्तक, एक. ओलं.
उघडतं.
खाली सही केली, साहेबांची नाही, माझी.